जोडलेली उपकरणे : सहा

राऊटर भिंतीला ठोकून मुजीब म्हणाला, मावशी, पासवर्ड काय ठेवू?
ठेव माझाच फोन नंबर, मी म्हटलं,
दुसरं काय लक्षात राहतंय आता.
तो हसला. कुलूप लावायचं
आन् किल्ली तिथंच खिळ्याला टांगायची, असं झालं हे.
तरी ठेवला. त्याला मानवतची गाडी गाठायची होती.

सेलूच्या एक्स्चेंजमध्ये बारा वर्षं मी बोर्डावर होते,
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या,
एक भोक मोंढ्याचं, एक परभणीचं.
कापसाचे भाव माझ्या कानावरून पुढे जायचे.
कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं,
आणि एकदा रात्री अडीचला
नांदेडच्या दवाखान्यातून आलेलं ते एक वाक्य.
जोडायचं, ऐकायचं नाही,
ऐकू आलंच तर विसरायचं.
तेव्हा साऱ्या गावाचा पासवर्ड मीच होते.

दिवाळीनंतर मालिका अडकायला लागली.
नटीचं तोंड उघडं ते उघडंच.
मुजीब आला, मोबाइलवर यादी काढली :
जोडलेली उपकरणे, सहा.
घरात मी आणि टीव्ही.
बाकीचे चौघे?
मी चष्मा पुसला, वाचलं :
मुंजाजी.
गंगासागर नोट टेन.
किंग ऑफ सेलू.
चौथ्याला नाव नव्हतं. अनोळखी उपकरण.

उद्या कुणी तुमच्या नेटवरून भलतं काही केलं, मुजीब म्हणाला,
तर पोलीस त्याच्या दारात नाही जाणार.
कनेक्शन कुणाच्या नावावर हाय?
मग त्याने राऊटरच्या आतलं दुसरं दार दाखवलं,
कारखान्यातून आलं तसंच, अॅडमिन आणि अॅडमिन.
समद्या गावात हेच हाय, मावशी.
म्हणजे दाराला कडी,
आणि कडीवर लिहिलेलं : ढकला.

त्या रात्री मी सगळं बदललं.
आतलं दार, बाहेरचं दार,
मागचं ते बटण, दाबलं की कुणालाही आत घेणारं, तेही बंद.
पासवर्ड लांब हवा, मुजीब सांगून गेला होता,
नाव नको, जन्मतारीख नको,
कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी.

मी बराच वेळ बसले.
मग नांदेडच्या त्या वाक्याची
पहिली पहिली अक्षरं घेतली,
मध्ये घातली कॉल आल्याची वेळ.
पंचेचाळीस वर्षं जे तोंडातून बाहेर पडलं नव्हतं
ते बोटांतून पडलं,
आणि स्क्रीनवर नुसतेच काळे ठिपके उमटले.

सकाळी मुंजाजी फाटकाशी.
काकू, नेट गेलंय का?
कुणाचं रे?
तो चपलांकडे बघत राहिला.
समोरचे निवृत्त तलाठी दोन दिवस ओट्यावर बडबडत होते,
रेंजच राहिली नाही राव आजकाल.
म्हणजे किंग ऑफ सेलू तेच.
मी काही बोलले नाही. सवय आहे.

गंगासागर मात्र आली नाही.
तिच्या गच्चीवरून रोज पहाटे
जीवशास्त्राचे सर ऐकू यायचे,
पेशी, पेशीभित्तिका, काय आत जातं, काय बाहेर राहतं.
तीन पहाटा गच्ची गप्प.
चौथ्या दिवशी मीच मुजीबला फोन लावला :
पाहुण्यांसाठी वेगळी लाइन काढता येते म्हणालास ना?

चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिली.
दुसऱ्याला दिलीस तर मला कळेल, मी म्हटलं,
यादी मी रोज बघते.
आणि जुन्या आवाजात :
तीन मिनिटं झाली की लाइन कापते हं.
तिला काही कळलं नाही. तरी हसली.
मुंजाजीला दिली, परीक्षेपुरती.
तलाठ्यांना म्हटलं, तुमचं तुम्ही घ्या, पेन्शन आहे.

आता यादीत चार.
झोपायच्या आधी एकदा बघते,
पूर्वी बोर्डाचे दिवे बघायचे तशी.

तो बिननावाचा मात्र
फाटकाशी आला नाही,
नेट गेलंय का, विचारायला आला नाही.
कोण होता, कधीपासून होता, काय करत होता
माझ्या नावावर,
ते मला कधीच कळणार नाही.